श्रावणातल्या टी बॅगा

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी या घरातला माझा पहिला चहा केला. सासूबाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पुळकवणी."

एवढंच. वर काही नाही, खाली काही नाही. पुढची बावीस वर्षं हा शब्द माझ्या कानांवर पडत राहिला. आमटी पातळ झाली की पुळकवणी, चहात पावडर कमी पडली की पुळकवणी. एकदा तर माझ्या भावाच्या लग्नातल्या जेवणावळीलाही त्यांनी तिथल्या तिथे, माझ्या माहेरच्यांच्या देखत, हेच नाव ठेवलं. मी पावडर वाढवली तर "कडू जहर", आलं वाढवलं तर "काढा केलास का गो?" मी मनातल्या मनात त्यांना जी उत्तरं दिली ती लिहून काढली असती तर एक वही सहज भरली असती. तोंडाने मात्र "हो आई" म्हणून गप्प बसायची. कारण वाईट गोष्ट अशी होती की त्यांचं बरोबर असायचं.

त्यांचं नाक म्हणजे एक प्रकरण होतं. जन्म रत्नागिरीकडच्या खेड्यातला, लग्नानंतर परळ, आणि गेली पंचवीस-एक वर्षं इथे भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अलीकडे आमचा फ्लॅट. लिफ्टमधून वर येता येता कुठल्या मजल्यावर कुणाकडे काय शिजतंय ते त्या सांगायच्या. दूध नासायच्या दोन तास आधी त्यांना कळायचं. बिल्डिंगमधल्या बायका नवीन तूप आणलं की वाटीत घेऊन यायच्या, "मावशी, जरा बघा ना." मासळी बाजारात त्या वाकल्या की कोळीण आपणहून म्हणायची, "हा नको घेऊस, तुझ्यासाठी दुसरा काढते." माझ्या नाकाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "तुझं नाक देवानं नथ घालायला दिलंय," त्या म्हणायच्या. हेही बरोबरच होतं. मला गॅसवर काय जळतंय ते धूर दिसल्यावर कळतं.

यंदा गुढीपाडव्यानंतर त्यांना ताप आला. साथीचाच ताप होता, सगळ्या बिल्डिंगमध्ये होता. आठ-दहा दिवसांत उतरला, खोकला थोडा रेंगाळला, तोही गेला. आम्ही म्हटलं, सुटलो.

मग एके दिवशी सकाळी मी फोनवर बोलत राहिले आणि दूध लागलं. घरात दुसरी पिशवी नव्हती. तसल्याच दुधाचा चहा केला. नवऱ्याने एक घोट घेतला आणि कप बेसिनमध्ये रिकामा केला. मी सासूबाईंकडे बघत उभी राहिले. आता काय ऐकावं लागणार याची मनाची तयारीही झाली होती. त्यांनी सगळा कप संपवला, बशी पुसून घेतली आणि म्हणाल्या, "छान झालाय."

बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी वेडी, खूश झाले. त्या दिवशी शाळेच्या ऑफिसात (मी तिथे क्लार्क आहे) सगळ्यांना सांगितलंही. सलग तिसऱ्या दिवशी "छान" आलं तेव्हा मात्र मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. त्याच आठवड्यात, मी कामावर असताना, समोरच्या भाभींचा फोन आला. भाभी जैन, कांदासुद्धा न खाणाऱ्या, आणि आम्ही कोकणातली मासेखाऊ माणसं. आमच्याकडे बोंबील भाजायला घेतले की त्या आपलं दार आणि खिडकी लावून घ्यायच्या आणि आम्ही समजून जायचो. पण भांडण म्हणून कधी नाही. त्या दिवशी त्याच भाभींना धुराचा वास आला होता आणि त्यांनी आमचं दार बडवून उघडायला लावलं होतं. आत दुधाचं पातेलं जळून काळंठिक्कर झालेलं, स्वयंपाकघर धुराने भरलेलं आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसलेल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

नाकाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं. तापानंतर काही जणांचा वास जातो. बहुतेक वेळा येतो परत, पण कधी येईल सांगता येत नाही, येईलच असंही लिहून देता येत नाही. सकाळ-संध्याकाळ चार उग्र वासाच्या वस्तू हुंगायच्या. तोवर गॅसजवळ एकटं सोडायचं नाही. "आणि एक," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "कधी कधी नसलेले वास यायला लागतात. जळकट, कुजकट असं काहीतरी. तसं झालं तर घाबरू नका, फक्त मला कळवा."

त्याच संध्याकाळी नवऱ्याने लायटर उचलून कपाटावर, त्यांचा हात पोचणार नाही असा ठेवला. आम्ही दोघं कामावर जाताना सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करून जायला लागलो. मला वाटलं होतं घरात महाभारत होईल. ज्या बाईने बावीस वर्षांत मला सणाच्या दिवशी पुरणाच्या पातेल्याला हात लावू दिला नव्हता, ती लायटर गेल्यावर हूं की चूं न करता उठली आणि गॅलरीत जाऊन बसली. खरं सांगते, त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. जेवणही कमी झालं. "ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं," एकदाच म्हणाल्या. पुढे तेही म्हणेनात. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले.

पण त्यांना दिवसातून तीनदा चहा लागायचा आणि अकराचा चहा मी घरी नसताना यायचा. थर्मासमधला चहा त्यांनी एकदाच पाहिला आणि तशीच नजर माझ्यावर टाकली. म्हणून मी विजेची किटली आणली. पाणी उकळलं की आपोआप बंद होणारी. आणि किटली आली म्हणून टी बॅगा आल्या.

टी बॅग ही वस्तू तोवर माझ्या लेखी लग्नाच्या हॉलमधली आणि गाडीच्या एसी डब्यातली होती. मीरा रोडच्या मोठ्या दुकानात गेले तर डोक्याच्या वरपर्यंत एक अख्खा रॅक. तुळशीचा, आल्याचा, लिंबाचा, पोट कमी करणारा, झोप आणणारा, त्वचा उजळणारा. साधा चहा कुठाय म्हणून शोधायला लागले तर तो सगळ्यात खाली, वाकून घ्यावा लागेल असा. पहिल्या वेळी मी चुकून हिरवा चहा आणला. सासूबाईंनी कपात बघून विचारलं, "ह्यात पालक उकळलास काय?" वास नव्हता, पण डोळे शाबूत होते. दुसऱ्या वेळी जाळीच्या तिकोनी पिशव्या आणल्या. दिसायला दागिन्यासारख्या. आत सबंध पानं दिसत होती. पण ती जाळी कसली ते खोक्यावर शोधूनही सापडेना आणि उकळत्या पाण्यात प्लॅस्टिक घालायला माझं मन धजेना. तिसऱ्या खोक्यात दोरा पिशवीला पिनेने टाचलेला होता. ती पिन बघून सासूबाईंनी कप सरळ माझ्यापुढे सरकवला. "मला मारायचं असलं तर तसं सांग."

मग मी एक बॅग कात्रीने कापून वर्तमानपत्रावर रिकामी केली. आत पान-बिन काही नाही, बारीक भुकटी, आपण चाळणीतून खाली पडते म्हणून टाकतो तशी. बारीक असते म्हणूनच रंग चटकन सुटतो आणि तेवढ्याच चटकन कडूपणाही. हळूहळू मला तिचं तंत्र कळायला लागलं. पाणी खळखळतं हवं आणि ते बॅगेवर ओतायचं, पाण्यात नुसती बुडवायची नाही. वर बशी झाकायची. तीन-चार मिनिटं थांबायचं. दूध आधी घातलं तर चहा सुटतच नाही, नुसतं गढूळ पाणी होतं. आणि शेवटी बॅग चमच्यावर दाबून पिळायची नाही, पिळली की तुरट होतो. हे शेवटचं सासूबाईंना पटवणं अशक्य होतं. टाकायच्या वस्तूतून शेवटचा थेंब न काढता ती टाकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "आमच्याकडे काढ्याला सुंठ-ओव्याची पुरचुंडी बांधायची," त्या म्हणाल्या. "पिळल्याबिगर टाकली तर आजी हातावर मारायची." त्या पिळत राहिल्या. मीही सोडून दिलं.

चांगल्यातली चांगली म्हणून चौथ्या वेळी मी जी घेतली ती बॅग चांदीच्या कागदात एकेक बंद केलेली होती. चहा त्यातला खरोखर बरा होता. पण त्यांची बोटं संधिवाताने आखडलेली. तो कागद त्यांना फाडता येईना. एकदा मी आले तर त्या दाताने कागद ओढत होत्या. ते बघवलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी सुट्या बॅगांचं मोठं खोकं आणलं. पिन नाही, वेष्टन नाही, दोरा गाठीने बांधलेला, कागद साधा. हात घातला की बॅग हातात. माझ्या निवडीवर मी स्वतःच खूश होते. वेष्टन चहाचं कशापासून रक्षण करतं हा विचार तेव्हा डोक्यात आलाच नाही.

मे महिन्यात आमच्याकडे आगोट भरतात. पावसाळ्यात समुद्रावर होड्या जात नाहीत, म्हणून त्याआधी सुकी मासळी भरून ठेवायची, बोंबील, जवळा, सुकट. उत्तनकडून एक बाई दरवर्षी टोपली घेऊन आमच्या गेटपाशी येते. सासूबाई खाली उतरतात, मूठभर सुकट घेऊन नाकाला लावतात आणि त्या एका हुंगण्यावर पुढचे चार महिने ठरतात. यंदा ती आली तेव्हा मीच त्यांना हाक मारली. त्या दारापर्यंत आल्या, चप्पल घातली आणि परत काढली.

"यंदा नको गो," म्हणाल्या. "मी काय निवडणार? सगळं सारखंच."

सुकटीचा डबा तसाच रिकामा राहिला. हा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना चौकोनी पत्र्याचा डबा. झाकण इतकं घट्ट की चमचा घालून उचकटावं लागतं. घरात त्याच्याइतका हवाबंद डबा दुसरा नाही, म्हणून वर्षानुवर्षं सुकट त्यात. रिकामा पडलाय म्हटल्यावर मी तो साबणाने घासला, लिंबाच्या सालीने घासला, तीन दिवस गॅलरीत उन्हात उपडा ठेवला. नाक घालून बघितलं. काही नाही. लिंबाचा थोडा वास, बस.

पाऊस सुरू झाला आणि टी बॅगांचं पुठ्ठ्याचं खोकं मऊ पडायला लागलं. बॅगा हाताला दमट लागायच्या. आषाढ संपत आला तसं मी त्या सगळ्या काढून त्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या. झाकण त्यांना उघडायला जड जाऊ नये म्हणून रोज सकाळी निघताना मीच थोडं सैल करून जायची. मी स्वतः गॅसवरचा दुधाचा चहा घ्यायची, नवराही. टी बॅगेचा कोरा चहा, वर चार थेंब लिंबू, हा फक्त सासूबाईंचा.

रोज विचारायची, "आई, आज चहा कसा होता?"

"छान."

तो शब्द मला आता सहन होईनासा झाला होता. संध्याकाळी आम्ही हुंगण्याचा अभ्यास करायचो. चार बाटल्या होत्या, लवंग, लिंबाची साल, कापूर आणि कॉफी. त्या डोळे मिटून बसायच्या आणि मी एकेक बाटली पुढे धरायची. आषाढात एक आठवडा त्यांनी चारही बरोबर ओळखल्या. मी आनंदाने फोन करून नवऱ्याला सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी सहज म्हणून क्रम बदलला. कापराच्या बाटलीवर त्या ठामपणे म्हणाल्या, "लवंग." लिंबावर म्हणाल्या, "कापूर." त्या पाठ केलेला क्रम म्हणत होत्या. माझा हात थांबला होता ते त्यांना कळलं असावं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला माझीच लाज वाटली. म्हातारीला मी परीक्षेत कॉपी करताना पकडलं होतं, आणि ती कॉपी माझ्या समाधानासाठी होती. त्यानंतर मी क्रम परत कधी बदलला नाही.

श्रावण लागला. श्रावणात आमच्या घरात मासळी सोडा, अंडंही येत नाही. भांडी बदलून घेतात. सासूबाई सोमवार कडक करतात. दिवसभर फक्त चहा आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर जेवण. श्रावणी सोमवारी आमची शाळा लवकर सुटते, म्हणून शेवटच्या सोमवारी साडेअकराला मी घरी होते. त्या ओट्याशी उभ्या राहून आपला चहा करत होत्या. पाणी ओतलं, बशी झाकली, थांबल्या, बॅग सवयीप्रमाणे चमच्यावर पिळली. मी बटाटे धूत होते. त्यांनी कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"काय गो," त्या म्हणाल्या, "ह्यात सुकट हाय?"

माझ्या हातातला बटाटा बेसिनमध्ये पडला. डॉक्टरांचं वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवलं. नसलेले वास यायला लागतात. घरात गेल्या वर्षापासून सुकट नाही, वर श्रावण, वर सोमवार. चार महिने आम्ही वाट बघितली आणि आलं ते हे.

"आई," मी होईल तितक्या शांतपणे म्हटलं, "घरात सुकट नाहीये. यंदा आपण घेतलीच नाही."

"मला शिकवू नको. सुकटच हाय. जवळा नाय, बोंबील नाय. सुकट."

मी त्यांच्या हातातून कप घेतला, हुंगला. चहा. परत हुंगला. चहा आणि लिंबू. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा भीती दिसली. त्यांनाही कुणीतरी ते नसलेल्या वासांचं सांगितलं असणार, किंवा मी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं असणार. "नाय म्हणतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

आणि माझं लक्ष ओट्यावरच्या त्या चौकोनी डब्याकडे गेलं.

झाकण उचकटलं, नाक आत घातलं. मला चहाचाच वास येत होता. पण माझं नाक नथ घालायला दिलेलं. माझ्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नसता. मला दुसरं नाक हवं होतं, ताबडतोब, आणि खात्रीचं. सुक्या मासळीचा वास दहा फुटांवरून ओळखणारं एकच नाक मला माहीत होतं.

समोरचं दार वाजवताना मला संकोच वाटला नाही असं नाही. भाभींचा चातुर्मास चालू होता. चातुर्मासातल्या जैन बाईला मासळीच्या डब्याचा वास घ्यायला सांगायचं म्हणजे काय ते मला कळत होतं. पण मी लपवाछपवी केली नाही. डबा हातभर लांब धरून म्हटलं, "भाभी, माफ करना, एक मेहरबानी करो. इसमें चाय है, लेकिन डब्बा पहले मच्छी का था. आई को बास आ रहा है, मेरे को नहीं. दूर से सूंघ के बोलो ना, सच में है क्या?"

भाभींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या मागे कप धरून उभ्या राहिलेल्या सासूबाईंकडे. चार महिन्यांची सगळी कहाणी त्यांना माहीत होती. धुराचा वास त्यांनाच तर आला होता. त्या किंचित पुढे वाकल्या आणि पुढच्या क्षणी पदर नाकाला लावून दोन पावलं मागे गेल्या.

"अरे बाप रे! मच्छी तो है ही! पूरा मच्छी है!" आणि मग पदराआडूनच, "श्रावण में तो तुम लोग खाते नहीं ने?"

माझा जीव भांड्यात पडला. अगदी खरोखर पडल्यासारखा, कारण मी तिथेच, दोन दारांच्या मध्ये, जिन्याच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. डबा मांडीवर होता. चहा आजूबाजूचा प्रत्येक वास ओढून घेतो हे मला तेव्हा कळलं. तीन दिवसांचं ऊन आणि लिंबाची साल पत्र्याच्या कोपऱ्यांतून जे काढू शकली नाही ते त्या उघड्या कागदी बॅगांनी महिनाभर शांतपणे शोषून घेतलं होतं. चांदीच्या कागदातल्या घेतल्या असत्या तर हे झालं नसतं. आणि मग आम्हाला अजून किती दिवस कळलं नसतं, देव जाणे.

सासूबाईंच्या डोक्यात मात्र आधी दुसराच हिशेब जुळला.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "अख्खा श्रावण मी सुकटीचा चहा प्याले?"

मी मान हलवली.

"सोमवारचा पण?"

"हो आई."

"श्रावण बाटवलास गो माझा!" आवाज असा लागला की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. चार महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. "बावीस वर्षं सांगते हिला, सुकटीच्या डब्यात दुसरं काय घालू नये, आणि ही चहा घालते! चहा! एवढी शिकली, शाळेत कामाला जाते..." आणि मध्येच त्या थांबल्या. कपाकडे बघितलं. तो परत नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच धरला.

"मला वास आला," त्या म्हणाल्या. मला नाही, भाभींना नाही, कुणालाच नाही.

घरात येऊन आम्ही चारही बाटल्या काढल्या. या वेळी क्रम त्यांनी स्वतः मोडला. बाटल्या पाठीमागे घेऊन फिरवल्या आणि माझ्या हातात दिल्या. कापूर आला नाही. लिंबू नाही. कॉफीला म्हणाल्या, "कायतरी हाय, पण लांब." लवंग ओळखली. उदबत्ती लावून बघितली, तीही नाही. त्यांनी देव्हाऱ्यासमोर हात जोडले आणि ओशाळून म्हणाल्या, "देवा, तुझ्या आधी सुकट आली. रागावू नको." उपास मोडला की नाही याचा त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि नकळत घडलेलं देवाला कळतं असा निकाल देऊन टाकला. टी बॅगा मी फोडून कुंड्यांत घालायला निघाले तेव्हा आतून हुकूम आला, "तुळशीत नको हां, गुलाबात घाल."

नवऱ्याला फोन केला. "आईंना सुकटीचा वास आला," मी म्हटलं. तो म्हणाला, "आज? सोमवारी? सुकट कुठून आणलीस?" सगळं सांगितल्यावर नाक ओढल्याचा आवाज आला. माझ्या नवऱ्याने माझ्यासमोर रडायचं आजवर टाळलं आहे, म्हणून मीच फोन ठेवला. डॉक्टर म्हणाले, चांगली खूण आहे, एक आला म्हणजे बाकीचे यायची आशा धरा, पण गॅसजवळ अजून एकटं सोडू नका.

एकटं सोडणार नव्हतेच. संध्याकाळी दिवा लावून झाला, त्यांनी उपास सोडला. मी स्टूल घेतलं, कपाटावरून लायटर काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पदराला पुसला, जसा काही वर धुळीत नाही, चिखलात पडला होता. मी दारात उभी राहिले. "बाहेर बस," त्या म्हणाल्या. मी दारातून हलले नाही आणि त्यांनीही परत म्हटलं नाही. चार महिन्यांनी त्यांनी गॅस पेटवला, पाणी ठेवलं, आलं किसलं, दूध घातलं. चहा पावडर घालताना चमचा डब्याच्या तोंडाशी थांबला, थोडी परत झटकली. पूर्वी त्या उकळत्या चहावर वाकून हुंगून ठरवायच्या. आता वाकल्या, थांबल्या, सरळ झाल्या आणि अंदाजाने गाळला.

मला कप दिला. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने कधी बघितलं नव्हतं.

"कसा झालाय?"

पाणी होतं नुसतं. दुधाचं, आल्याचं, गोड पाणी. माझ्या तोंडात "छान" आलंच होतं. आणि मला त्यांचे चार महिन्यांतले सगळे "छान" एकदम आठवले. जळक्या दुधाला, कोऱ्या चहाला, सुकटीला. आमचं मन राखायला म्हटलेले. तो शब्द या घरात परत नको होता.

"पुळकवणी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपला कप उचलून एक घोट घेतला, तोंडात फिरवला, शोधल्यासारखा.

"हाय खरी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "आण तो कप इकडे. टाकते अजून चमचाभर."

त्यांनी दोन्ही कप पातेल्यात परत ओतले आणि गॅस मोठा केला.